कांद्याच्या मुळापासून मेंडेलच्या वाटाण्यापर्यंत: अकरावीत नव्याने आलेल्यांसाठी पेशी आणि आनुवंशिकता

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला सायन्स. पहिल्या दीड महिन्यात मी जीवशास्त्राची वही तीनदा उतरवून काढली, तरी गुणसूत्र, जनुक, डीएनए आणि क्रोमॅटिड यांचा गुंता जसाच्या तसा राहिला. आमच्या घरी कांदा पिकतो. उन्हाळ कांदा काढायचा, साठवणीच्या चाळीत भरायचा, पावसाळ्यात कोंब फुटलेले वेचून बाजूला टाकायचे, हे लहानपणापासून केलेलं. दुसऱ्या सत्रात अशाच एका कांद्याच्या मुळाची स्लाइड मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने केली. त्या काचेवर एका पेशीची दोन होताना पाहिली आणि गुंत्याचं टोक हाताला लागलं.

त्यानंतर बरीच वर्षं मी लहान वर्गांची प्रात्यक्षिकं घेते आहे. दरवर्षी मुलं त्याच चार-पाच ठिकाणी अडतात. म्हणून हा क्रम लिहून ठेवते. पुस्तकात धडे वेगळ्या क्रमाने असतील, पण माझं ऐकाल तर आधी पाहा, मग मोजा, आणि मेंडेल सगळ्यात शेवटी घ्या.

१. आधी शब्दांचा घोळ मिटवा

वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे दहावीचा शब्द, उजवीकडे अकरावीचा. पेशी म्हणजे सेल, केंद्रक म्हणजे न्यूक्लिअस, तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, हरितलवक म्हणजे क्लोरोप्लास्ट, रिक्तिका म्हणजे व्हॅक्युओल, गुणसूत्र म्हणजे क्रोमोझोम, जनुक म्हणजे जीन. जुन्या पुस्तकात रंगसूत्र हा शब्द भेटेल, तेही गुणसूत्रच. रोज पाच शब्द घातले तरी महिन्याभरात सगळे होतात. दहावीला जे शिकलात ते वाया गेलेलं नाही, फक्त त्याचं नाव बदललंय, हे या दोन रकान्यांमुळे पटतं. मला ते फार उशिरा पटलं.

एक सापळा हिंदी व्हिडिओंचा. रात्री मोबाइलवर हिंदीतून समजून घेणारे बरेच जण आहेत, आणि त्यात काही वाईट नाही. पण हिंदीत सेलला कोशिका म्हणतात आणि पेशी म्हणजे आपला स्नायू. आपली ऊती त्यांच्याकडे ऊतक होते. मी तपासलेल्या एका उत्तरात "पेशी आकुंचन पावून हालचाल करते" असं लिहिलेलं होतं. मुलाला विषय कळला होता, फक्त दोन भाषांतले शब्द एकमेकांत मिसळले होते.

२. सामान जमवा

घरून आणायचं: मुळं फुटू शकतील असे दोन-तीन कांदे, तोंडाशी अरुंद असलेला काचेचा ग्लास किंवा बाटली, दाढीचं नवं ब्लेड, दोन सुया, टिपकागद, जुनं सुती फडकं, पेन्सिल आणि प्रयोगवही. याशिवाय दोन रंगांची थोडी लोकर आणि आठ-दहा टिचबटणं. लोकर कशाला ते पुढे येईलच.

प्रयोगशाळेतून मिळायचं: काचपट्ट्या आणि कव्हर स्लिपा, वॉच ग्लास, स्पिरिटचा दिवा, आयोडीन किंवा सॅफ्रनिन, गुणसूत्रं रंगवायला असिटोकारमाइन, १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, ७० टक्के अल्कोहोल, आणि ३ भाग अल्कोहोलला १ भाग ग्लेशिअल असिटिक आम्ल असं ताजं मिश्रण. सूक्ष्मदर्शीला १० आणि ४० किंवा ४५ पटींच्या ऑब्जेक्टिव्ह असल्या की पुरे. आयपीस १० पट असेल तर १० गुणिले ४५, म्हणजे ४५० पट मोठं दिसतं.

आम्ल आणि मिश्रण स्वतः बनवायला जाऊ नका; शिक्षकांकडून किंवा लॅब असिस्टंटकडून तयार घ्या. अल्कोहोलची बाटली पेटत्या दिव्याजवळ ठेवू नका. हे दरवेळी सांगावं लागतं आणि मी दरवेळी सांगते.

३. पहिली स्लाइड पापुद्र्याची करा

थेट मुळाकडे धावू नका. कांद्याची जाड, रसाळ पाकळी घेऊन ती वाकवून मोडा. आतल्या बाजूने पारदर्शक पापुद्रा सुटतो. त्याचा नखाएवढा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा, आयोडीनचा एक थेंब घाला आणि कव्हर स्लिप तिरकी धरून हळूहळू खाली सोडा. सरळ वरून टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्याशार, गोल गरगरीत कडेचं काही दिसलं तर तो बुडबुडा आहे. वहीत त्याची पेशी म्हणून आकृती काढलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे.

आधी लहान ऑब्जेक्टिव्हने बघा. विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी दिसतील आणि प्रत्येकीत एक पिवळट ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक. तो बहुतेक वेळा पेशीच्या कडेला सरकलेला असतो, कारण मधली सगळी जागा रिक्तिकेने व्यापलेली असते. जसं दिसतं तसंच काढा. पुस्तकातल्या आकृतीसारखं केंद्रक मधोमध आणू नका.

तोंडी परीक्षेत इथे एक प्रश्न हमखास येतो: यात हरितलवक कुठे आहे? उत्तर: नाही. आपण खातो तो कांदा म्हणजे जमिनीत अन्न साठवणाऱ्या पानांचे तळभाग, तिथे उजेड पोचत नाही. वनस्पतीची प्रत्येक पेशी हिरवी असते हा समज इथेच सोडून द्या. तंतुकणिकाही या सूक्ष्मदर्शीखाली अशा साध्या स्लाइडमध्ये दिसत नाहीत. न दिसलेलं काढू नका.

१६६५ मध्ये रॉबर्ट हुक यांनी बुचाच्या कापात पाहिलेल्या पेशी मेलेल्या, रिकाम्या होत्या. त्यांना दिसल्या त्या भिंती. तुमच्या काचेखालची पेशी त्यापेक्षा किती भरलेली आहे ते एकदा सावकाश पाहून घ्या.

४. मुळं वाढवा आणि वेळेवर कापा

कांद्याच्या बुडख्यावरची जुनी, वाळलेली मुळं ब्लेडने खरवडून काढा. बुडख्याची चकती मात्र कापू नका, नवी मुळं तिच्यातूनच फुटतात. कांदा ग्लासाच्या तोंडावर असा बसवा की फक्त बुडखा पाण्याला टेकेल. अर्धा कांदा बुडवलात तर तो सडेल आणि घरात वास सुटेल. पाणी रोज बदला. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं लोंबायला लागतात. नुकताच काढलेला कांदा काही वेळा सुप्तावस्थेत असतो आणि मुळं फुटायला वेळ घेतो. चाळीतला, कोंब डोकावणारा कांदा याला सगळ्यात चांगला. बाजारात जो कोणी घेत नाही तोच आपल्या कामाचा.

मुळं १ ते २ सेंटीमीटरची झाली की टोकाकडचे २-३ मिलिमीटर कापा. विभाजन चालतं ते टोकाच्या अगदी मागे. वरचा लांब भाग फक्त लांबी वाढलेल्या, विभाजन थांबलेल्या पेशींचा असतो. मुळाचा मधला जाड भाग कापून आणणाऱ्यांना तासभर शोधूनही काही सापडत नाही आणि मग ते सूक्ष्मदर्शीला दोष देतात.

सकाळी ८ ते १० ही वेळ बरी, कारण तेव्हा विभाजन पावणाऱ्या पेशी जास्त सापडतात. कापलेली टोकं लगेच अल्कोहोल आणि असिटिक आम्लाच्या मिश्रणात टाका. मिश्रणात पेशी जागच्या जागी थांबते. जी ज्या अवस्थेत होती तिथेच गोठते. २४ तासांनी टोकं ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून ठेवली की पुढे सवडीने वापरता येतात. म्हणजे मुळं सकाळी घरी कापायची असतील तर मिश्रणाची छोटी घट्ट झाकणाची बाटली आदल्या दिवशी शिक्षकांकडून मागून घ्या. दुपारी कॉलेजला नेऊ म्हणून साध्या पाण्यात ठेवलेली टोकं काही कामाची राहत नाहीत.

५. स्क्वॅश, म्हणजे दाबून पसरवणं: अंगठ्याचं काम

एक टोक काचपट्टीवर घ्या, त्यावर आम्लाचे दोन थेंब टाका आणि दिव्यावरून जेमतेम कोमट करा. सोय असेल तर वॉच ग्लासमध्ये ६० अंश सेल्सिअसला पाच-सहा मिनिटं ठेवणं अधिक चांगलं. शेजारच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन आम्लामुळे सैल होतं. हे कमी पडलं तर पेशी एकावर एक ढिगाने राहतात. जास्त झालं तर टोकाचा लगदा होतो आणि रंग धरत नाही.

आम्ल टिपून घ्या, पाण्याने धुवा, मग असिटोकारमाइनचे दोन-तीन थेंब टाकून पाच-दहा मिनिटं थांबा. अधूनमधून दिव्यावरून फिरवा; उकळू देऊ नका, सुकू देऊ नका. लोखंडी सुईने टोक हलकेच टोचत राहिलं तर रंग गडद होतो, कारण लोखंडाचा अंश कारमाइनला पकडून ठेवतो. आमच्या प्रयोगशाळेतली सगळ्यात गंजकी सुई याच कामासाठी वेगळी ठेवलेली आहे. मुळाचा सगळ्यात गडद लाल झालेला भाग म्हणजे विभाजनाची जागा. तेवढाच ठेवा, बाकीचा कापून टाका. ठेवलेला तुकडा तांदळाच्या कणीएवढा असला तरी खूप झाला.

आता कव्हर स्लिप ठेवा. सुईच्या मागच्या टोकाने तिच्यावर हलके टकटक करा. तुकडा ढगासारखा पसरताना दिसेल. मग टिपकागदाची घडी वर ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. दाबताना अंगठा जराही घसरला तर गुणसूत्रं ओढली जातात आणि स्लाइड वाया जाते. मी शिकले तेव्हा पहिल्या तीन कव्हर स्लिपा फुटल्या. चौथ्या वेळी श्वास रोखून दाबलं, आणि काचेखाली गुलाबी पेशी एकेकट्या, सुट्या पसरलेल्या दिसल्या.

काही ठिकाणी मुलांच्या हाती आम्ल नको म्हणून कपाटातल्या तयार स्लाइडच दाखवतात. मी शिकले तिथेही पहिल्या सत्रात तेच होतं. रांगेत उभं राहायचं, डोळा लावायचा, पुढे सरकायचं. तुमच्याकडे तसं असेल तर नम्रपणे विचारा: "सर, मुळं मी घरून आणते. शेवटच्या तासाला एक स्लाइड करून बघू का?" मुळं हातात धरून विचारणाऱ्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

६. काय दिसतंय ते ओळखा

बहुतेक पेशींत गोल, भरीव केंद्रक दिसेल आणि बाकी काही नाही. स्लाइड बिघडली असं समजू नका. त्या पेशी दोन विभाजनांच्या मधल्या अवस्थेत आहेत आणि पेशीचं बहुतेक आयुष्य तिथेच जातं. माणसाच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशीचं चक्र साधारण २४ तासांचं धरलं तर प्रत्यक्ष विभाजनाला जेमतेम १ तास लागतो. आणि या मधल्या काळाला विश्रांती म्हणू नका. डीएनएची दुसरी प्रत याच वेळात तयार होते.

मग एकेक अवस्था शोधा. पूर्वावस्थेत केंद्रकात लोकरीच्या गुंड्यासारखे धागे दिसतात. मध्यावस्थेत गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर ओळीत येतात. पश्चावस्थेत दोन गट एकमेकांपासून दूर जाताना दिसतात आणि गुणसूत्रांच्या भुजा मागे लोंबत असतात. अंत्यावस्थेत दोन टोकांना दोन नवी केंद्रकं बनतात आणि वनस्पतीच्या पेशीत मधोमध नवी भिंत उभी राहायला लागते. प्राण्याच्या पेशीत भिंत नसते, तिथे पेशी कमरेत आवळली जाऊन दोन होते.

मध्यावस्थेची एक अडचण पुस्तकात सहसा नसते. पेशी काचेवर आडवी पडली तर गुणसूत्रांची ओळ दिसते. पण तीच पेशी उभी पडली आणि तुम्ही ध्रुवाकडून बघत असाल, तर गुणसूत्रं कड्यासारखी पसरलेली दिसतात. मुलं त्याला बिनदिक्कत पूर्वावस्था लिहितात. केंद्रकाचं आवरण गेलेलं असेल आणि गुणसूत्रं आखूड, जाड, सुटी असतील तर ती मध्यावस्थाच. मोजायला हीच पेशी सगळ्यात चांगली, म्हणून ती सापडली की जागा नोंदवून ठेवा.

वेळ असेल तर २०० पेशी मोजा. समजा त्यात १४ विभाजनात सापडल्या, तर १४ भागिले २०० गुणिले १००, म्हणजे विभाजन निर्देशांक ७ टक्के. मुळाच्या टोकापासून थोडं वर सरकून पुन्हा मोजलंत की तो कसा उतरतो ते कळतं.

७. गुणसूत्रं मोजायची कशी

माझ्या मते अकरावी-बारावीचा अर्धा घोळ याच एका जागी आहे, म्हणून इथे जरा थांबा.

कांद्यात १६ गुणसूत्रं असतात, म्हणजे ८ जोड्या. डीएनएची प्रत तयार झाल्यावर ती ३२ होतात का? नाही. १६ च राहतात. प्रत्येक गुणसूत्र आता दोन सारख्या पट्ट्यांचं झालेलं असतं आणि त्या पट्ट्या गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेल्या असतात. पट्टी म्हणजे क्रोमॅटिड. नियम एवढाच की गुणसूत्रबिंदू मोजायचे. जितके बिंदू, तितकी गुणसूत्रं.

हे वहीत असंच लिहा. प्रत तयार होण्याआधी: गुणसूत्रं १६, डीएनएचे धागे १६. प्रत झाल्यावर: गुणसूत्रं १६, धागे ३२. मध्यावस्था: १६ आणि ३२. पश्चावस्था: बिंदू फाटले, म्हणून गुणसूत्रं ३२ आणि धागेही ३२. शेवटी प्रत्येक नव्या पेशीत: १६ आणि १६. पश्चावस्थेतले ३२ पाहून "चुकलं" म्हणत खोडरबर घेणारे खूप आहेत. ते ३२ बरोबर आहेत.

जनुक कुठे बसतं? प्रत्येक धागा म्हणजे डीएनएचा एक अखंड, लांबच लांब रेणू, प्रथिनांभोवती गुंडाळलेला. त्या रेणूचा एक ठरावीक तुकडा म्हणजे एक जनुक. म्हणजे डीएनए हे द्रव्य झालं, जनुक त्यातला तुकडा आणि गुणसूत्र ही सगळी गुंडाळी. सूक्ष्मदर्शीखाली गुणसूत्र दिसतं, त्यावरचं जनुक दिसत नाही.

यासाठी जगभर कांदाच का घेतात, त्यालाही कारण आहे. कांद्याच्या एका संचातला डीएनए सुमारे १६०० कोटी बेसजोड्यांचा (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांचा) आहे, माणसाच्या सुमारे ५ पट. तो फक्त ८ गुणसूत्रांत भरलेला असल्यामुळे एकेक गुणसूत्र ठसठशीत दिसतं. कांदा माणसापेक्षा गुंतागुंतीचा आहे असा अर्थ मात्र काढू नका. डीएनएच्या लांबीवरून तसं काही ठरत नाही. गुणसूत्रांच्या संख्येवरूनही नाही. माणसात ४६, वाटाण्यात १४, ज्वारीत २०, भातात २४, गव्हात ४२. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात भुंकल्यासारखं ओरडणारं भेकर आहे ना, त्याच्या मादीत फक्त ६ आणि नरात ७; सस्तन प्राण्यांत याहून कमी माहीत नाहीत.

आणि मोजणं ही सोपी गोष्ट नाही, हेही लक्षात ठेवा. माणसात ४८ गुणसूत्रं असतात असं कित्येक वर्षं पुस्तकांत छापलेलं होतं. १९५६ मध्ये जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी ती ४६ असल्याचं दाखवलं. त्यांनी पेशी फुगवून गुणसूत्रं सुटी पसरवली आणि कोल्चिसिन वापरून विभाजन मध्यावर थांबवलं. लेव्हान हे मूळचे कांद्याच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं अभ्यासणारे. कोल्चिसिनचा कांद्याच्या मुळांवर काय परिणाम होतो हे त्यांनी १९३८ मध्येच लिहिलेलं होतं. म्हणजे माणसाची गुणसूत्रं नीट मोजणाऱ्या माणसाचा हात कांद्याच्या मुळांवर बसलेला होता. मला हे कळलं त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं. ती चाळीत कांदा वेचत होती.

८. लोकर आणि टिचबटणं

इथून पुढे स्लाइडवर भागत नाही. मुळाच्या टोकात फक्त सूत्री विभाजन होतं, म्हणजे गुणसूत्रांचा संच तोच ठेवून एका पेशीच्या दोन. अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या अर्धी करणारं, मुळाच्या टोकात शोधत बसू नका, ते तिथे होतच नाही. ते बघायचं तर बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचा डेंगळा, म्हणजे फुलांचा दांडा, घ्या, त्याच्या गोंड्यातल्या अगदी लहान, मिटलेल्या कळ्यांमधले परागकोश असेच रंगवून दाबा. कळी उमलली की उशीर झालेला असतो. डेंगळे मिळाले नाहीत तर लोकर आहेच.

लाल आणि निळी लोकर घ्या. लाल आईकडून आलेली, निळी वडिलांकडून. प्रत्येक रंगाचा एक लांब आणि एक आखूड तुकडा. ही झाली चार गुणसूत्रांची पेशी, दोन जोड्यांची. जमिनीवर खडूने मोठं वर्तुळ काढा. आता प्रत तयार करा: प्रत्येक तुकड्याच्या जोडीला त्याच रंगाचा, त्याच लांबीचा आणखी एक तुकडा आणि दोघांना मध्ये टिचबटणाने जोडा. बटण म्हणजे गुणसूत्रबिंदू.

सूत्री विभाजनात चारही एका ओळीत येतात, बटणं उघडतात आणि दोन्हीकडे एकेक पट्टी जाते. दोन्ही बाजूंना लांब लाल, लांब निळी, आखूड लाल, आखूड निळी. संच तोच.

अर्धसूत्री विभाजनात पहिल्या फेरीला बटणं उघडतच नाहीत. लांब लाल आणि लांब निळी एकमेकांशेजारी येतात, तुकड्यांची अदलाबदल करतात, यालाच वर्गात क्रॉसिंग ओव्हर म्हणतात, आणि मग अख्खं लाल गुणसूत्र एकीकडे, अख्खं निळं दुसरीकडे जातं. संख्या इथेच अर्धी झाली. बटणं उघडतात ती दुसऱ्या फेरीला. पहिल्याच फेरीत बटण उघडायला हात गेला तर थांबा, सगळं पुन्हा मांडा. माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा हात पहिल्यांदा तिथेच गेला आहे, आणि एकदा चुकून दुरुस्त केलं की ते पुन्हा विसरत नाही.

आता मांडणी बदलून बघा. दोन्ही लाल एका बाजूला, किंवा लांब लाल बरोबर आखूड निळी. दोन जोड्यांत ४ प्रकारचे संच निघतात. कांद्याच्या ८ जोड्यांत २ चा आठवा घात, म्हणजे २५६. माणसाच्या २३ जोड्यांत ८३,८८,६०८. आणि हे तुकड्यांची अदलाबदल न धरता. सख्खी भावंडं एकमेकांसारखी असूनही वेगळी का, त्याचं हे उत्तर लोकरीत दिसतं.

९. आता मेंडेल

मेंडेल यांनी ब्रनो इथल्या मठाच्या बागेत वाटाण्याची ७ लक्षणं घेऊन प्रयोग केले, १८६५ मध्ये ते वाचून दाखवले आणि १८६६ मध्ये छापले. गुणसूत्रं काय करतात हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. १९०० मध्ये त्यांचं काम पुन्हा उजेडात आलं आणि लगेच १९०२-०३ च्या सुमारास सटन आणि बोव्हेरी यांनी म्हटलं की मेंडेलचे घटक आणि गुणसूत्रं एकाच पद्धतीने वागतात. तुम्ही आत्ताच लोकरीने तेच केलंत. लाल आणि निळी वेगळी झाली, तो मेंडेलचा विभक्तीकरणाचा नियम. लांब जोडी कशी मांडली याचा आखूड जोडीशी संबंध नाही, तो स्वतंत्र संक्रमणाचा नियम. म्हणून मी मेंडेल शेवटी घ्यायला सांगते. नियम आधी पाठ केले की जनुकांच्या जोड्या मांडायचे चौकोन (पनेट स्क्वेअर) भरता येतात, पण आत काय घडतंय ते कळत नाही.

३:१ हे गुणोत्तर, म्हणजे दुसऱ्या पिढीत तीन गोल बियांमागे एक सुरकुतलेली, चार बियांत दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. मेंडेलनी दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या बिया मोजल्या होत्या. भागाकार येतो २.९६. सात हजारांवर बिया मोजल्या तेव्हा कुठे ३ च्या इतकं जवळ गेलं. दोन नाणी एकदम ४० वेळा उडवून नोंदी करा आणि दोन्ही काटे किती वेळा आले ते बघा. मग वर्गातल्या सगळ्यांच्या नोंदी एकत्र करा. आकडा कसा पावाकडे सरकतो ते डोळ्यांना दिसतं.

१०. एक उदाहरण आपल्या घराजवळचं: सिकलसेल

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार, धुळे इकडच्या वाचकांना हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर असतं. त्यात एका जागी डीएनएची तीन अक्षरं जीएजी ऐवजी जीटीजी होतात, एवढाच फरक. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं आणि ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्याच्या वेदना ज्याने घरात पाहिल्या आहेत त्याला वेगळं सांगायला नको.

लोकरीकडे परत या. लांब लाल आणि लांब निळी म्हणजे दोन ११ वी गुणसूत्रं. दोन्हींवर नेहमीचं जनुक असेल तर एए. एकावर बदललेलं असेल तर एएस, म्हणजे वाहक. दोन्हींवर असेल तर एसएस, म्हणजे आजार. आई-वडील दोघे एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएसची ५० आणि एएची २५.

इथला सापळा परीक्षेत एका गुणाचा आहे, घरात फार मोठा. "चारांतलं एक ना? मग पहिल्याला झाला, आता पुढची तिघं सुटली." असं नसतं. नाण्याला मागचा काटा आठवत नाही. दर वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते. दुसरा सापळा: वाहक म्हणजे रोगी, हा समज. एएस असलेली व्यक्ती सहसा नेहमीसारखं निरोगी आयुष्य जगते. रक्ताची साधी सोल्युबिलिटी (विद्राव्यता) तपासणी आधी होते, पण तिच्यावरून एएस की एसएस हे ठरत नाही. ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासण्यांवर कळतं. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तीही याच तपासणीवर उभी आहे. तुमच्या गावात तपासणीचं शिबिर लागलं तर तिथे दोन नाणी उडवून दाखवणारा एखादा विद्यार्थी हवाच असतो. मी हे माझ्या मुलांकडून करवून घेतलं आहे. म्हाताऱ्या माणसांना चौकोनापेक्षा नाणी लवकर समजतात.

११. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री

प्रयोगवहीत आकृत्या पेन्सिलने, नावं उजवीकडे, रेघा एकमेकींना न छेदता, आणि खाली किती पटींनी पाहिलं ते लिहिलेलं असू द्या. मग पुस्तक मिटून एवढी गणितं तोंडी सोडवा.

कांद्याच्या पानाच्या पेशीत गुणसूत्रं किती? १६. परागकणाच्या केंद्रकात? ८. बीमधल्या भ्रूणपोषात, म्हणजे भ्रूणाला अन्न पुरवणाऱ्या भागात? तिथे तीन संच एकत्र येतात, म्हणून २४. मुळाच्या पेशीत मध्यावस्थेला क्रोमॅटिड किती? ३२. डेंगळ्याच्या कळीत अर्धसूत्री विभाजनाची पहिली फेरी संपल्यावर एका बाजूला गुणसूत्रं किती आणि क्रोमॅटिड किती? इथे अडलात तर उत्तर पाठ करू नका. लोकर काढा, बटणं लावलेलीच असू द्या, आणि मोजा. ८ आणि १६ येतील.